शंभरातल्या बाकीच्या अठरा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विद्यापीठाचं ॲप उघडणं. मी आकडे वाचले, तिनं दाबले. त्या संध्याकाळी दुसरं काही झालं नाही.

शेरडं काट्याच्या वाडग्यात घातली होती. म्हातारी अंगणात भिंतीला पाठ लावून बसली, काचेचा मोठा फोन मांडीवर घेऊन. कमरेच्या चंचीत हात घातला, तंबाखूची पुडी बाजूला सारली, खालून बटनांचा छोटा फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"आला का?"

"येऊ दे की."

"बघा तर. आला आसंल."

छोटा फोन टुणकन् वाजला. मी उजेडाकडं धरून वाचला. "चार. नऊ. नऊ. एक."

"नऊ दोनदा?"

"दोनदाच म्हनलं न्हवं? कान फुटले का?"

"कान चांगले हायत. तुमचे डोळे फुटलेत म्हणून इचारते. परवा सातचा एक केलता."

तिला आकडे वाचता येत नव्हते. पण कुठला आकडा कुठं बसतो ते बोटाला ठाऊक होतं. नऊ म्हटलं की बोट तिसऱ्या रांगेत उजवीकडं जायचं. मला आकडे वाचता येतात, चौथीपर्यंत शाळा केली, पण काचेवर माझं बोट चालत नाही. शेतातलं बोट, काचेला ते माणसाचं वाटत नाही. म्हणून मी वाचायचो, ती दाबायची. एकट्यानं उघडायची गोष्टच नव्हती.

ॲप उघडलं. एक गोल आलं. निळं गोल, पण पुरं नाही, वरच्या अंगाला तुटलेलं.

"आज बी फुटकीच बांगडी," ती म्हणाली. "किती हायत?"

"ब्याऐंशी."

"शंभरातल्या?"

"शंभरातल्या."

"मग बाकीच्या अठरा कुठं हायत?"

आठ दिवस झाले, रोज हाच प्रश्न. मला भूक लागली होती. मी म्हटलं, "तुला काय करायचंय? शिकल्याली माणसं हायत ती. शंभरात ब्याऐंशी म्हंजे लई चांगलं आसतं. गप भाकर वाढ."

"शिकल्याल्यांनी शेरडं राखली असती तर कळलं असतं त्यांला."

एवढं म्हणून ती उठली. दोन्ही फोन उचलले. छोटा चंचीत, मोठा देवळीत. झुणका होता, लसणाची चटणी होती. आम्ही जेवलो.

सकाळी ती उठली नाही.

आता हे विद्यापीठाचं आमच्या घरात कसं आलं ते सांगतो. थोरल्या पोराची पोरगी विद्यापीठात शिकते, तिथंच मुलींच्या वसतिगृहात राहते. पोरगा आणि सून दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात ते गुढीपाडव्याच्या मागं-पुढं परत येतात. फडात त्यांचा फोन कधी लागतो, कधी नाही. म्हणून नातीनं प्रवेशाच्या वेळी पालक म्हणून आजीचा नंबर दिला. तो बटनांचा फोन चंचीत तंबाखू, चुना, सुपारी यांच्या सोबतीला असायचा. कानाला लावला की मला शिंक यायची. काचेचा मोठा फोन पोरानं घरी ठेवला होता, पोरीचं बघायला.

पहिल्यांदा वेबसाइट होती. जुनी, पांढरी, उघडायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात चहा व्हायचा. पण एकदा आत गेलं की गेलं. आत पोरीच्या हजेरीचे ठिपके असायचे, एका तासाला एक. आली तर हिरवा, नाही आली तर लाल. म्हातारीला वाचायला काही लागतच नव्हतं. रोज संध्याकाळी वाडग्याचं तोंड बंद केलं की ती फोन घेऊन बसायची.

आमची बावीस शेरडं. ती कधी आकड्यानं मोजायची नाही. एकेकीच्या पाठीवर हात टेकवत आत सोडायची आणि शेवटी म्हणायची, बांडी आली न्हाई, का कान कापलेली मागं राहिली. काय आलं ते तिला दिसायचं नाही, काय राहिलं ते दिसायचं. पोरीचंही तसंच. पाच हिरवे, एक लाल दिसला की लगेच फोन. "दुपारून कुठं गेलतीस गं?" पोरगी तिकडं वैतागायची. "आजी, डोकं दुखत होतं." "मग तसं सांगावं मानसानं." तेवढं झालं की म्हातारीचा जीव खाली बसायचा आणि मग ती चुलीपुढं जायची. आमची तेविसावी लांब बांधलीय, असं म्हणायची.

मग विद्यापीठानं सगळं नवं केलं. नातीनंच येऊन ॲप फोनमध्ये घालून दिलं. म्हणाली, "आबा, आता लई फास्ट हाय. सगळं एकाच जागी." होतंही फास्ट. पण ठिपके गेले. हिरवं गेलं, लाल गेलं, सगळं निळं झालं. मध्ये एक गोल आणि गोलात हजेरीचा एक आकडा. आणि हे नवं ॲप दर खेपेला विचारायचं, तू कोण. मग छोट्या फोनवर आकडे यायचे, ते इकडं घालायचे. म्हणून मी त्या कामात आलो. नाहीतर आधी मी त्यात नव्हतोच.

पंधरा दिवस आम्ही हे केलं.

ती गेली तेव्हा मी आधी शेरडं सोडली. का सोडली ते मला सांगता यायचं नाही. हाक मारली, हलवून बघितलं, हात गार होता. मग मी बाहेर जाऊन वाडग्याचं तोंड उघडलं, कारण शेरडं ओरडत होती. मग शेजारी भावजयीला, धाकट्या भावाच्या बायकोला, जाऊन सांगितलं. ती मोठ्यानं रडली. मी उभा होतो.

पोरगा आणि सून फडातून निघाले ते चारला पोचले. नात आली. माती पाचला झाली, आमच्याच बांधाला. बायकांनी अंघोळ घालताना चंची सोडून भिंतीच्या खुंटीला लावली होती. मी ती काढून संगं घेतली. सरणावर ठेवल्यावर तिच्या कमरेशी, लाकडाच्या आत, सरकवली.

पोरगा मला म्हणाला, "हे कशाला, दादा?"

भाऊकीतला एक म्हातारा म्हणाला, "असू दे रे. तिची वस्तू हाय. तंबाखूबिगर कशी जाईल?"

मी चंची उघडून बघितली नाही. कधीच बघितली नव्हती. आमच्यात बाईच्या चंचीत गडी हात घालत नाही. तंबाखू पाहिजे असली तरी मागायची, ती काढून देणार. मेल्यावर कशाला हात घालायचा?

सरणात एकदा फाटकन् वाजलं. लोकांनी हात जोडले. म्हणाले, कवटी फुटली, सुटली बाई. सवाष्ण गेली, भाग्याची.

पोरगा आणि सून पाचव्या दिवशी गेले. मुकादमाचे फोनावर फोन येत होते. दोघांचा मिळून एक कोयता धरतात तिकडं. बायको नाहीतर नवरा एकटा असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. दोघं निघून आले की टोळी एका कोयत्यानं अडून बसते. ते दहाव्याला एक दिवस आले आणि गेले. नात दहाव्यापर्यंत राहिली, मग वसतिगृहावर गेली. मी तेराव्यापर्यंत घरी बसलो. लोक येत होते. चहा होत होता. मला रडू आलं नाही. लोक बघायचे माझ्याकडं. मीपण बघायचो त्यांच्याकडं.

शेरडं भावजय सोडायची आणि आणायची. रोज म्हणायची, "भावजी, तेवढी बघून घ्या की. मला तुमची ओळखू येत न्हाईत."

"आली आसतील."

"मोजा तरी."

"आली आसतील म्हनलं."

मी उठलो नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी देवळीतला मोठा फोन वाजला. नात होती.

"आबा, परीक्षेचा फॉर्म भरायचाय. जुनी वेबसाइट कालपासून बंद केली. आता फॉर्म ॲपमधूनच. पालकाच्या नंबरवर आकडा जातो, तो घातल्याशिवाय पुढं जाईना. आजीच्या फोनवर आला आसंल. वाचा की."

मी खुंटीकडं बघितलं. खुंटी रिकामी होती.

"आबा?"

"फोन न्हाई."

"पप्पांनी नेला का?"

"न्हाई. चंचीत होता."

"मग चंची कुठंय?"

"तिच्या संगं दिली."

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. "जाळला?"

"व्हय. म्याच ठेवली."

सरणात फाटकन् काय वाजलं होतं ते मला तेव्हा समजलं. समजून काही वाटलं नाही. नुसतं समजलं.

पोरगी तिकडं रडायला लागली. फोनसाठी का आजीसाठी, मी विचारलं नाही. जरा वेळानं म्हणाली, "शनिवार शेवटचा हाय, आबा. फॉर्म राहिला तर परीक्षा न्हाई. परीक्षा न्हाई तर वर्ष गेलं."

वर्ष गेलं म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. पोरगा आधीच बोलून बसला होता. एक बी वर्ष वाया गेलं तर बस झालं, म्हणाला होता, वळखीतलं स्थळ आलंय. स्थळ फडातलंच. लग्न झालं की नवऱ्या मुलाचा कोयता पुरा होणार होता. म्हातारी पोराला म्हणाली होती, "पोरीचं वर्ष मी वाया जाऊ देत न्हाई, तू तुझा ऊस तोड." आणि मी तो फोन जाळून बसलो होतो.

"आता काय करावं लागतंय?"

"दुसरं सिम आजीच्या अंगठ्याशिवाय मिळत न्हाई. नंबरच बदलावा लागंल. त्याला पालकानं सोता यावं लागतंय. आन..." ती थांबली.

"आन काय?"

"आजीचा मृत्यूचा दाखला."

तो काढलेला नव्हता. नोंदच केली नव्हती. भाऊ दोनदा म्हणाला होता, पंचायतीत जाऊन या. मी नुसतं हो म्हणत होतो. नोंद केली नाही म्हणून काय ती येणार होती, असंही नाही. उठवत नव्हतं, एवढंच.

ग्रामसेवक बुधवारी येतात. बुधवारी गेलो. तो तरणा माणूस, बरा आहे. संगणकावर एकेक रकाना विचारत गेला.

"मृत्यूची वेळ, बाबा?"

"झोपेत. मला ठाऊक न्हाई."

"सकाळ लिहू?"

"लिहा."

"व्यवसाय? घरकाम लिहितो."

"घरकाम कशाला? पन्नास वर्षं शेरडं राखली तिनं. आधी मेंढरं होती."

त्यानं पुसलं आणि पशुपालन लिहिलं.

"शिक्षण? निरक्षरच ना?"

"विद्यापीठाचं सगळं तीच बघायची."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग संगणकाकडं बघितलं. यादीत तसं काही नव्हतं. निरक्षर दाबलं. दाखला छापून निघाला तेव्हा कागद गरम होता.

गुरुवारी पहाटेच निघालो. बांधावरच्या सीताफळांत चार पिकली होती, ती पिशवीत टाकली. दरवर्षी ती पोरीला धाडायची. नांदूरघाटहून केजला, केजहून मांजरसुंब्याला, तिथं गाडी बदलली. ढाब्यावर चहा घेतला. पाव नको म्हटलं. पुढच्या गाडीत उभ्यानं दोन तास, मग जागा मिळाली. सीताफळं पिशवीत पिचली. माझ्या धोतराला रस लागला. नात स्टँडवर घ्यायला आली होती. तिनं पिशवी घेतली आणि आत बघितलं. तोंड सुजलेलं होतं तिचं.

विद्यापीठाचा संगणक विभाग दुसऱ्या मजल्यावर. आत गार हवा सोडलेली. भिंतीवर ॲपचं मोठं चित्र, एक पोरगी हसत फोन धरून उभी. आम्हाला एका बाईंपुढं बसवलं. तिशीतली असेल, गळ्यात पट्टा, त्याला ओळखपत्र. नात म्हणाली, "ह्याच मॅडम नवं ॲप करतात."

"एकटी नाही करत," मॅडम म्हणाल्या. "शिव्या मात्र एकटी खाते. बोला आजोबा."

नातीनं सगळं सांगितलं. मी दाखला पुढं केला. मॅडमनी नातीचा क्रमांक घातला. पडद्यावर नातीचा फोटो आला, खाली पालकाचा नंबर. मॅडमचा हात थांबला. त्यांनी आपला फोन उचलला, काहीतरी शोधलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"आजोबा, हा नंबर आजींचा? केजकडच्या?"

"व्हय."

"अठरा कुठं गेल्या म्हणणाऱ्या?"

मी नातीकडं बघितलं. नात माझ्याकडं.

"त्या फोन करायच्या," मॅडम म्हणाल्या. "ॲपमध्ये खाली मदतीचं फोनचं चित्र आहे ना, ते त्यांनी दाबलं असणार; मी ह्या नंबरवर उलटा फोन केला, मग त्याच करायला लागल्या. दुपारी करायच्या. मागं शेळ्या ओरडत असायच्या. सहा-सात वेळा तरी आला असेल."

हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी ती माळावर असायची. मी लिंबाखाली झोपलेला असायचो.

"काय म्हणायची?"

"पहिल्या दिवशी म्हणाल्या, बाई, तू माझी बांगडी फोडलीस. मला काही कळेना. मग मी त्यांना टक्केवारी समजावली. पंच्याहत्तरच्या वर असलं की चालतं, तुमच्या नातीचे ब्याऐंशी आहेत, काळजी नाही. तर म्हणाल्या..." मॅडम जरा हसल्या आणि दाखल्याकडं बघून हसू थांबवलं. "म्हणाल्या, शंभरातल्या ब्याऐंशी आल्या म्हणून कुणी जेवायला बसतं का गं? तुला माय-बाप हायत का न्हाईत?"

"तशीच होती ती."

"मी ते मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे हसले. मग आमचे सर म्हणाले, बरोबर आहे की. पालकाला आकडा कशाला पाहिजे? पालकाला पोरगं कुठं आहे ते पाहिजे." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "हे बघा. परवापासून चालू केलंय. गोलावर बोट ठेवलं की न आलेले तास दिसतात. लाल ठिपक्यासकट. मी त्यांना सांगायला फोन लावत होते. लागत नव्हता."

मी बघितलं. लाल ठिपक्यांची ओळ होती. ठिपक्यांपुढं वार आणि वेळ. माझं वाचणं सावकाश. सोमवार आठ. बुधवार आठ. सोमवार आठ. सोमवार आठ.

"ह्या अठरा?" मी विचारलं.

"ह्याच. म्हणजे मोजून अठरा नाहीत, पण ह्याच."

मी नातीला म्हटलं, "सकाळी आठला कुठं आसतीस?"

ती खाली बघत होती.

"आजीला इचारायचं होतं. म्हणून इचारतो."

"झोपते, आबा."

"काय?"

"झोपते. आठचा तास लई सकाळी आसतोय. जाग येत न्हाई."

मॅडमनी तोंडावर हात धरला. आठ दिवस म्हातारी ह्या अठरांच्या मागं होती. माळावरून फोन करत होती. आणि पोरगी झोपलेली होती, गोधडीत, सुखरूप. एवढं कळलं असतं तर ती सुखानं जेवली असती आणि मला चार शब्द कमी ऐकावे लागले असते. मी तिला गप बस म्हटलं होतं. आठही दिवस.

"आता जुना नंबर काढू का, आजोबा?" मॅडमनी विचारलं. हळू विचारलं.

"काढा."

"काढला की परत येत नाही."

"काढा म्हनलं न्हवं."

त्यांनी दाबलं. गेला. नात भिंतीवरच्या चित्राकडं बघत राहिली.

मग माझा फोटो घ्यायचा होता. पालक जिवंत माणूसच आहे, कागदावरचं चित्र नाही, हे ॲप तपासतं. त्यानं सांगितलं, डोळे मिचकवा. मी बघत राहिलो. पुन्हा सांगितलं. पुन्हा बघत राहिलो. तिसऱ्यांदा ते म्हणालं, चेहरा ओळखता येत नाही.

"आबा, डोळे झाका एकदा," नात म्हणाली.

"झाकतोय की."

"न्हाई झाकत तुमी. टक लावलीय नुसती."

शेवटी तिनंच हात वर करून माझ्या डोळ्यांपुढून फिरवला, तेव्हा ते मिटले असणार. ॲपनं घेतलं. मॅडमनी मोठ्या फोनचा नंबर घातला आणि नात्याच्या रकान्यात पालक लिहिलं. तिथं आधी काय होतं ते मी वाचलं होतं. आई होतं. कुणी भरलं होतं, नातीनं का आणखी कुणी, ठाऊक नाही.

मग माझ्या हातातला मोठा फोन टुणकन् वाजला. आकडा आला होता. नातीच्या फोनवर रकाना उघडा होता.

"वाचा, आबा."

मी उजेडाकडं धरला. "दोन. सहा. शून्य. सात."

"सात का एक?"

"सात."

तिनं दाबले. फॉर्म पुढं गेला. शनिवारच्या आत झाला, गुरुवारीच झाला. पोरगी खुर्चीत मागं टेकली आणि मोठ्यानं श्वास सोडला. तेवढं काम झालं. मला वाटलं होतं, काम झालं की काहीतरी वाटेल. नाही वाटलं.

जिन्यात मी तिला म्हटलं, "आठचा तास बुडवू नको."

"न्हाई बुडवत."

"बुडवला तर मला लाल दिसंल आता."

"दिसू द्या. फोन करा मग."

"मला काच दाबता येत न्हाई."

"शिका की. आजी शिकली न्हाई का?"

मी परतीच्या गाडीला बसलो. दिवस मावळल्यावर घरी पोचलो. भावजय अंगणात होती. शेरडं वाडग्यात गेली होती.

"झालं का पोरीचं?"

"झालं."

"बरं झालं बाई. जिवाला घोर होता." मग म्हणाली, "भावजी, आज एक कमी वाटती मला. का मीच चुकते? काळी-काळी सगळी सारखीच दिसतात."

"बघू."

"आताच बघा."

"सकाळी."

ती गेली. मी अंगणात भिंतीला पाठ लावून बसलो. फोन मांडीवर ठेवला. उघडला नाही. तिथंच आडवा झालो.

सकाळी उजाडल्यावर भावजयीनं भाकरी आणि चटणी आणून ठेवली, टोपल्याखाली झाकून. मी वाडग्याच्या तोंडाशी गेलो. एका अंगानं दार थोडं उघडलं, एकच निघेल एवढं, आणि उभा राहिलो. म्हातारी संध्याकाळी आत घेताना करायची, मी सकाळी बाहेर सोडताना केलं. एकेकीच्या पाठीवर हात टेकवत. बांडी. कान कापलेली. तिची पिल्लं दोन. चांदी. म्हातारी शेळी, तिला ढकलावी लागते. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना बघत होतो. काही वाळली होती. एक लंगडत होती.

एकवीस निघाली. वाडगं रिकामं झालं.

मी आत जाऊन बघितलं, काट्याच्या कडेनं. नव्हती. मग बाहेरच्या एकवीसकडं बघत उभा राहिलो, बराच वेळ, म्हातारी बघायची तसं. आणि दिसलं काय नाही ते. पहिल्या वेताची काळी, कपाळावर पांढरा टिळा, जी कायम म्हातारीच्या पदराला तोंड लावायची.

भावजयीला म्हटलं, "ही शेरडं तुझ्यात घे. मी येतो."

"भाकर तरी खावा. काल बी खाल्ली न्हाई."

"ऱ्हाऊ दे झाकून."

काठी घेतली. फोन बंडीच्या खिशात टाकला, कारण आठ वाजता बघायचं होतं. बांधावरून, जिथं माती केली त्याच्या वरच्या अंगानं, ओढ्याकडं उतरलो आणि हाळी दिली.